मानुएल आंतोनियो आणि केपोस: सकाळचे तीन तास हातचे जाऊ देऊ नका

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं मानुएल आंतोनियो राष्ट्रीय उद्यान मी दोनदा पाहिलं. पहिल्या खेपेला मैत्रिणींबरोबर अकराच्या सुमाराला आत शिरले. रुंद वाटेवर माणसांची रीघ, डोक्यावर ऊन, प्राणी झाडांच्या शेंड्यात गुडूप. दुसऱ्यांदा आई-बाबा भारतातून ह्यूस्टनला आमच्याकडे आले होते, त्यांना घेऊन सकाळी सातच्या ठोक्याला दारात उभी राहिले. साडेनऊपर्यंत तीन स्लॉथ (झाडांवर राहणारे अतिशय संथ प्राणी), दोन जातींची माकडं आणि एक पाल पाहून झाली होती. उद्यान तेच, महिनाही तोच. फरक फक्त वेळेचा होता. म्हणून हा सगळा बेत मी सकाळी सात ते दहा या तीन तासांभोवती मांडला आहे. मुक्काम कुठे करायचा, तिकीट कधी काढायचं, आदल्या रात्री किती वाजता झोपायचं, सगळं त्यावरून ठरतं.

आधी जागेचा अंदाज घ्या. हे उद्यान लहान आहे. जमिनीवरचा भाग जेमतेम २००० हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा साधारण पाचवा हिस्सा. त्यातही पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या पायवाटा एका कोपऱ्यात आहेत. बाकीचं जंगल प्राण्यांसाठी राखलेलं आहे, आणि समुद्राचा मोठा पट्टाही संरक्षित आहे. उद्यान झालं १९७२ साली. त्याआधी इथल्या जमिनी परदेशी मालकांच्या हातात गेल्या होत्या आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाटकं बसली होती. गावकऱ्यांनी ती सहन केली नाहीत. त्यांच्या रेट्यामुळे किनारा वाचला. वाळूत पाय ठेवताना हे लक्षात असलेलं बरं, कारण आत लावलेले कडक नियम कोणासाठी आहेत ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

कधी जायचं

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम. आकाश स्वच्छ, समुद्र निळा, पण गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढलेले. मे ते नोव्हेंबर पावसाळा. मात्र आपल्या कोकणातल्यासारखी दिवसरात्र झड नसते. बहुतेक दिवस सकाळ उघडी मिळते आणि दुपारी ढग दाटून कोसळतो. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले, तेव्हा मी कुणाला पाठवणार नाही. जुलैत बऱ्याचदा पावसाला थोडी उसंत मिळते. शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांना तो महिना बरा.

हे ठिकाण केरळातल्या अलप्पुळाच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षभर उकाडा आणि घाम. सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो आणि काळोख झपकन पडतो. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीच्या उन्हाळ्यातल्या लांब संध्याकाळीची सवय असलेल्यांचा इथे हमखास अंदाज चुकतो.

तिकीट: पहिलं काम हेच

विमानाच्या तिकिटानंतर लगेच करायचं काम म्हणजे उद्यानाचं तिकीट. ते दारात मिळत नाही. 'सिनाक' या सरकारी संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावरच काढावं लागतं, तारीख आणि प्रवेशाची वेळ निवडून. परदेशी प्रौढाला करासकट साधारण १८ डॉलर पडतात, लहान मुलांना बरंच कमी. प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक लागतो, तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट समोर घेऊनच बसा. सकाळची पहिली वेळ निवडा. गर्दीच्या हंगामात ती सगळ्यात आधी संपते. तिकिटाचं चित्र फोनमध्ये साठवून ठेवा आणि पासपोर्ट बरोबर न्या.

आणि मंगळवार! मंगळवारी उद्यान बंद असतं. पहिल्या खेपेला आम्ही सोमवारी रात्री पोहोचलो, मंगळवारी उद्यान आणि बुधवारी परत असा बेत डोक्यात होता. तो बेत तिथेच मोडला आणि घाईघाईने बुधवारचं उरलंसुरलं अकराचं तिकीट घ्यावं लागलं. तुम्ही कॅलेंडर उघडून मंगळवारावर आत्ताच फुली मारा. शनिवार-रविवारी राजधानी सॅन होजेकडची कुटुंबं समुद्रावर येतात, तेही शक्यतो टाळा.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाचं आधी पाहावं. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना काही अटींवर सवलत मिळत आली आहे, पण कोणत्या प्रकारच्या व्हिसाला आणि किती मुदत शिल्लक हवी, हे नियम बदलत राहतात. कोस्टा रिकाच्या वकिलातीचं ताजं पान वाचल्याशिवाय पैसे भरू नका. भारतातून आई-वडील येऊन तुमच्याबरोबर निघणार असतील, तर त्यांच्या व्हिसाची चौकशी स्वतंत्रपणे करा. त्यांचे नियम तुमच्यासारखेच असतील असं धरून चालू नका.

सॅन होजेहून केपोस

सॅन होजेच्या विमानतळापासून केपोस, म्हणजे उद्यानाजवळचं गाव, साधारण अडीच-तीन तासांवर आहे. आधी २७ क्रमांकाचा टोलचा महामार्ग, मग किनाऱ्याने जाणारा ३४ क्रमांकाचा. रस्ता चांगला आहे, पण अंधारात चालवू नका. विमान दुपारी उशिरा उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळ काढलेली बरी. गाडी नको असेल तर सॅन होजेहून थेट केपोसची बस आहे, तीही तीन तासांच्या आसपास घेते. छोट्या विमानानेही जाता येतं. हवेतला वेळ अर्ध्या तासाहून कमी, पण सामानाच्या वजनाला कडक मर्यादा.

वाटेत तार्कोलेस नदीचा पूल लागतो. खाली गाळात मोठाल्या मगरी पसरलेल्या असतात आणि लोक कठड्यावरून वाकून बघत असतात. थांबायला हरकत नाही, मात्र गाडीत सामान असेल तर एक जण गाडीपाशी थांबा. पुढे केपोस जवळ आलं की दोन्ही बाजूंना सरळ रेषेत लावलेली ताडासारखी झाडं सुरू होतात. बाबा म्हणाले, "माड आहेत का गं हे?" ते माड नव्हेत, पामतेलाचे आफ्रिकन ताड. केपोस हे मुळात केळीचं बंदर. १९३०च्या दशकात युनायटेड फ्रूट कंपनीने इथून केळी पाठवायला सुरुवात केली. पुढे पनामा रोगाने केळीच्या बागा बसल्या आणि त्या जमिनीवर हे तेलताड आले. आज गाव मासेमारी आणि पर्यटनावर जगतं. पण चौकोनी आखलेले रस्ते आणि कंपनीच्या काळातली लाकडी घरं अजून दिसतात.

मुक्काम केपोसात की डोंगरावर

केपोसपासून उद्यानाच्या दारापर्यंत सात किलोमीटरचा वळणावळणाचा डोंगरी रस्ता आहे. त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलं आहेत. उंचावरच्या हॉटेलातून समुद्र दिसतो, गॅलरीत माकडं येतात, आणि त्याचे पैसेही तसेच लागतात. उद्यानाच्या दाराशी राहिलात तर सकाळी चालत जाता येतं. केपोस गावात खोल्या स्वस्त, बाजार आणि खानावळी पायाखाली, आणि गाव गावासारखं वागतं.

मी केपोसची बाजू घेईन. गावातल्या बसस्थानकावरून उद्यानाकडे दर पंधरा-तीस मिनिटांनी बस सुटते आणि तिचं भाडं नगण्य आहे. शेवटच्या थांब्यावर उतरलं की दार चार पावलांवर. एकच अपवाद: बरोबर गुडघे दुखणारं कुणी असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर एक रात्र दाराजवळ घ्या, म्हणजे सकाळची धावपळ वाचते. मी आई-बाबांना तसंच ठेवलं होतं.

डोंगरावर हॉटेल घेतलंत तर गॅलरीचं दार उघडं टाकू नका. पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं चलाख आहेत. आमच्या शेजारच्या खोलीतून एका माकडाने फळांची पिशवी उचलली आणि कठड्यावर बसून केळी सोलून खाल्ली. पिशवीची चेन त्याने ओढूनच उघडली होती.

याच रस्त्यावर विजेच्या तारांच्या वर झाडाझाडांमध्ये ताणलेले निळे दोर दिसतील. ते माकडांचे पूल. लहानशी, नारिंगी पाठीची तिती माकडं या टापूतली खास, आणि धोक्यात आलेली. रस्ता ओलांडताना गाडीखाली किंवा तारांवर मरू नयेत म्हणून हे दोर बांधले. १९९९ साली दोन नऊ वर्षांच्या मुलींनी सुरू केलेली 'किड्स सेव्हिंग द रेनफॉरेस्ट' ही संस्था या कामात पुढे राहिली. बसमधून जाताना मान वर करून बघा. कधीकधी पुलावरून अख्खं कुटुंब पार होताना दिसतं.

शाकाहारी माणसाचं काय

आईचा पहिला प्रश्न हाच होता. उत्तर सोपं आहे, कारण इथलं रोजचं जेवण भात आणि काळ्या घेवड्याचं आहे. सकाळी गायो पिंतो, म्हणजे घेवडा घालून परतलेला भात. दुपारी कासादो, म्हणजे भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेली पिकी केळी, आणि मांस किंवा मासा. त्यातलं मांस वगळायला सांगायचं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' एवढं पाठ करा: मांस नको, कोंबडी नको, मासा नको. फक्त 'कार्ने नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण त्यांच्या लेखी ती कार्ने नव्हे. घेवड्यात डुकराची चरबी आहे का हेही विचारा: 'तिएने मांतेका?' 'सोदा' नावाच्या घरगुती खानावळी शोधा. तिथे पोटभर आणि वाजवी मिळतं. कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले पातकोनेस आईला इतके आवडले की तिने खानावळीच्या बाईकडून हातवाऱ्यांनी कृती समजून घेतली.

बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवा शुल्क असतंच, वेगळी टीप सक्तीची नाही. डॉलर चालतात, पण बस आणि सोदासाठी थोडे कोलोन (इथलं चलन) जवळ ठेवा. नळाचं पाणी गावात पिण्याजोगं आहे. बाटली भरून घ्या.

उद्यानाचा दिवस

पिशवीत काय असू नये, इथून सुरुवात करते. खाणं आत नेता येत नाही. दारावर पिशव्या उघडून तपासतात. दशम्या, चिवडा, चिप्स, सगळं बाहेर राहतं. तान्ह्या बाळाचं खाणं किंवा औषधासाठी लागणारं काही असेल तर तिथे सांगा. एकदा वापरून टाकायचं प्लास्टिकही नको. भरून आणायच्या बाटलीतलं पाणी चालतं, आणि ते माणशी किमान एक लिटर हवंच. आत एक छोटा उपाहारगृहाचा कट्टा आहे, पण महाग. त्यामुळे सहा वाजता पोटभर नाश्ता करून निघा. या नियमामागे कारण आहे. पूर्वी पर्यटकांच्या पिशव्यांतलं खाऊन माकडं आणि रॅकून इतके सोकावले होते की वाळूवर ठेवलेली पिशवी उरायची नाही, आणि ते खाणं त्या जिवांना बाधायचं.

साडेसहाला दारापाशी पोहोचा. गाडीने येत असाल तर शेवटच्या किलोमीटरवर काही माणसं रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवतील. अंगात गणवेशासारखा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काही. 'उद्यानाचं वाहनतळ इथेच, पुढे जागा नाही' असं सांगतील. आम्हीही एकदा थांबलो आणि दुप्पट पैसे देऊन पंधरा मिनिटं चालत गेलो. थांबू नका, सावकाश पुढे या. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका. बसने आलात तर हा प्रश्नच येत नाही.

वाटाड्या घ्यायचा का? पहिल्या भेटीत घ्याच. मी आग्रहाने सांगते, कारण इथे फरक डोळ्यांचा आहे. स्लॉथ म्हणजे झाडाच्या बेचक्यात अडकलेला करड्या काथ्याचा गोळा. आपण त्याच्याखालून सहज निघून जातो. वाटाड्या थांबतो, तिकाटण्यावरची दुर्बीण लावतो, आणि त्या काथ्यातून एकदम डोळे आणि हसल्यासारखं तोंड समोर येतं. आई दुर्बिणीला डोळा लावून मिनिटभर हललीच नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, याने आत्ता डोळा मिटला." फोन दुर्बिणीला टेकवून वाटाडेच फोटो काढून देतात. परवानाधारक वाटाड्याकडे पर्यटन संस्थेचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र असतं. ते बघा, आणि हॉटेलमार्फत आधीच ठरवा. साधारण दोन-अडीच तासांची फेरी असते, आणि तिच्यात तुमचं प्रवेश तिकीट धरलं आहे का ते विचारून घ्या.

आत शिरल्यावर मुख्य वाट सपाट आणि रुंद आहे. तिच्या बाजूने खारफुटीतून लाकडी फळ्यांचा मार्ग जातो. चाकांची खुर्ची आणि बाबागाडी इथे जाते, हे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कोकणातल्या माणसाला चिखलातून वर आलेली तिवराची मुळं आणि त्यांच्यात पळणारे खेकडे ओळखीचे वाटतील. रंग मात्र वेगळा: जांभळट काळी पाठ, शेंदरी पाय. इथे घाई करू नका. दर दहा पावलांनी थांबा, वर बघा, मग खाली बघा.

खाली बघाल तर पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग दिसेल. नखाएवढे हिरवे तुकडे डोक्यावर उभे धरून त्या वाट ओलांडत असतात. ती पानं त्या खात नाहीत. वारुळात नेऊन त्यांच्यावर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात. बाबा आयुष्यभर शेतकी खात्यात होते, ते त्या रांगेपाशी उकिडवे बसले आणि आम्ही सगळे पुढे जाऊन परत आलो तरी तिथेच होते.

वर बघाल तर कापुचिन, आणि लांबून आधी आवाज ऐकू येणारी हाउलर माकडं. तो घुमारा वाघाचा वाटावा इतका मोठा असतो, मुलांना आधी सांगून ठेवा. पानांच्या खाली चिकटलेले छोटे वटवाघूळ, पाण्यावरून पळणारी बॅसिलिस्क पाल, घोरपडीसारखे दिसणारे इगुआना हेही भेटतात. तीन बोटांचा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच शौचासाठी जमिनीवर उतरतो. तो क्षण दिसला तर नशीब समजा आणि दूर उभे राहा. कुठल्याच प्राण्याला हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही.

नऊ-साडेनऊनंतर: पुंता कातेद्राल आणि समुद्र

वाटाड्याची फेरी किनाऱ्यापाशी संपते. बहुतेक लोक तिथेच वाळूवर आडवे होतात. तुम्ही त्याआधी पुंता कातेद्रालची फेरी करून घ्या. हा जंगलाने भरलेला खडकाळ डोंगर एकेकाळी बेट होता. लाटांनी वाळू आणून टाकली आणि तो जमिनीला जोडला गेला. त्या वाळूच्या पट्ट्याच्या एका अंगाला एस्पादिया सूर किनारा, दुसऱ्या अंगाला मानुएल आंतोनियो किनारा. फेरी दीड किलोमीटरच्या आसपास, चढ-उतार आणि पायऱ्या बऱ्याच, वरून समुद्रातले कातळ दिसतात. तासभर धरा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी किनाऱ्यावर सावलीत थांबावं.

पोहायला मानुएल आंतोनियो किनारा चांगला, कारण तो आत वळलेल्या कोंदणात आहे आणि पाणी शांत असतं. ओहोटीला त्याच्या टोकाशी अर्धवर्तुळात रचलेले दगड उघडे पडतात. युरोपीय लोक येण्याआधी इथल्या आदिवासींनी कासवं पकडायला रचलेले ते सापळे आहेत. भरतीबरोबर कासवं आत यायची आणि पाणी ओसरलं की दगडांमागे अडकायची. आपल्याकडे खाडीत मासे अडवतात, युक्ती तीच. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवलीत तरच हे दिसतं.

एक झाड ओळखायला शिका: मान्सानियो. किनाऱ्यालगत, चकचकीत हिरवी पानं, लहान हिरव्या सफरचंदासारखं फळ. त्याच्या चिकाने कातडी भाजते, फळ विषारी आहे, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी थेंबांबरोबर चीक अंगावर येतो. किनाऱ्यावर आपल्या ओळखीचा देशी बदामही आहे, मोठ्या रुंद पानांचा. सावली त्याची घ्या. मुलांना सांगा, पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

अकरापर्यंत ऊन असह्य होतं आणि गर्दी येऊन पोहोचते. तेव्हा तुम्ही बाहेर पडत असाल, तर दिवस बरोबर लागला. उद्यान चार वाजता बंद होतं, पण तोवर थांबायची गरज नाही.

दुपार आणि दुसरा दिवस

दाराबाहेरचा लांबलचक एस्पादिया किनारा सगळ्यांना मोफत खुला आहे. शहाळं इथे 'पिपा' म्हणून मिळतं. इथल्या लाटा आतल्यासारख्या नाहीत आणि पाण्याला ओढ आहे. कमरेच्या वर जाऊ नका. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा आणि मग वळा.

दुसरा दिवस असेल तर दोन पर्याय. केपोसजवळच्या दामास बेटाच्या खाडीत होडीने खारफुटी बघता येते. ज्यांना फार चालणं जमत नाही त्यांच्यासाठी ही फेरी उत्तम. किंवा तासाभरावर दक्षिणेला उविताचं मारिनो बायेना उद्यान. तिथे ओहोटीला व्हेलच्या शेपटीच्या आकाराचा वाळूचा पट्टा उघडा पडतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हंपबॅक व्हेल पिल्लांसह येतात. त्याही दिवशी आधी भरतीचं कोष्टक बघा, मग गाडी काढा. पाणी चढलेलं असताना ती शेपटी दिसत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी केपोसात असाल तर समुद्राकाठच्या रस्त्यावरचा शेतकरी बाजार गाठा. पपई, अननस, आंबे, हिरव्या केळ्यांचे घड, ताजं पनीरसारखं चीज. परतीच्या वाटेवर खायला तिथूनच घ्या, आणि दुपारी दोनच्या आत सॅन होजेकडे निघा.